गाठींचा हिशेब

१८८६ साली हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकुमानं कारंज्यात कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातला तो पहिला. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास केलेल्या कुणालाही हे एका वाक्यात पाठ असतं, कारण शेतमाल पणनाचा इतिहास त्याच वाक्यानं सुरू होतो. गावाची ओळख मात्र बाहेर वेगळीच आहे. कुणी नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून गुरुमंदिरात येतं, कुणी जैन भट्टारकांच्या जुन्या गाद्या आणि तिथली हस्तलिखितं बघायला. कापसाच्या बाजारासाठी नमस्कार करायला कुणी येत नाही.

त्या हुकुमामागे कास्तकाराची कळकळ फारशी नव्हती. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीवर मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर आली. कापूस गेला, पैसाही आला, पण तक्रारीही आल्या. कापसात पाणी मारलेलं असतं, सरकी असते, माती असते, चांगल्या धाग्यात हलका धागा मिसळलेला असतो. गिरण्यांना स्वच्छ माल हवा होता, म्हणून बाजाराला शिस्त हवी होती. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. मापारी, अडते, दलाल यांना परवाने आले, बाजार चालवायला समिती आली. समितीत व्यापारी होते, नगरपालिकेची माणसं होती. कास्तकार नव्हता.

पुढे रेल्वेही कापसासाठीच आली. यवतमाळहून दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूरला जाणारी अरुंद रुळांची गाडी, जिला सगळे शकुंतला म्हणतात, ती किलिक-निक्सन या इंग्रजी कंपनीची. तिचं १९२१ सालचं वाफेचं इंजिन मँचेस्टरमध्ये बनलेलं होतं आणि ते १९९४ पर्यंत चाललं. म्हणजे कापूस ज्या गावाला जायचा त्याच गावचं इंजिन तो ओढून न्यायचं. आता गाडी बंद आहे. रुळांत गवत वाढलंय आणि रील काढायला पोरं तिथे जातात.

हे सगळं मी वाचायला लागले ते नोकरी लागल्यावर. गेल्या जूनमध्ये गावातल्याच एका खासगी संस्थेत मला लेखा विभागात काम मिळालं. वय एकोणतीस. तीन वर्षांपूर्वी अमरावतीच्या डॉक्टरांनी मला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस असल्याचं सांगितलं होतं, म्हणजे आपल्याकडे ज्याला आमवात म्हणतात तो. शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच सांध्यांवर उठते. बोटं, मनगटं, पावलं सुजतात. सगळ्यात वाईट वेळ सकाळची. उठल्यावर तास-दीड तास हात आखडलेले असतात, चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरावा लागतो. अकरा वाजता मी बरी असते. दुपारी तर कुणाला सांगूनही पटत नाही.

रुजू होतानाच्या फॉर्मवर एक रकाना होता: आपणास कोणताही दीर्घकालीन आजार आहे काय? पुढे दोन चौकोन, होय आणि नाही. सोबत तंदुरुस्तीचा दाखला जोडायचा होता. तो पाच मिनिटांत मिळाला. उंची, वजन, बीपी, नजर. हात कुणी बघितले नाहीत.

त्या दोन चौकोनांनी मला इतिहासात ढकललं असं म्हणायला हरकत नाही. मला बघायचं होतं की काम करणाऱ्या माणसाच्या सांध्यांची नोंद कधी, कुणी आणि कशासाठी घेतली.

नोंद जुनी आहे, पण ती वैद्यांची. चरकसंहितेत वातरक्त आहे. सुमारे सातव्या-आठव्या शतकातल्या माधवनिदानात आमवातावर स्वतंत्र प्रकरण आहे. युरोपात मात्र सांधे सुजले की बराच काळ ‘गाउट’ म्हटलं जायचं, आणि गाउट हा राजेरजवाड्यांचा, मांस-मद्य भरपूर असणाऱ्यांचा रोग समजला जायचा. १८०० साली पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातल्या ऑगुस्तँ लांद्रे-बोव्हे या तरुण डॉक्टरनं आपल्या प्रबंधात दाखवलं की त्याच्या समोरचा आजार वेगळा आहे. त्याच्या रुग्ण गरीब बायका होत्या. त्यांचे सांधे सुजत होते, वाकडे होत होते, आणि त्यांच्या ताटात राजेशाही काहीच नव्हतं. मोठे डॉक्टर श्रीमंतांना तपासतात, म्हणून गरिबांचा हा आजार त्यांना दिसला नाही, अशा अर्थाचं तो लिहून गेला. हे वाचून मी फोन बाजूला ठेवला होता. ‘रुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ हे नाव त्यानंतर ५९ वर्षांनी, १८५९ मध्ये लंडनच्या आल्फ्रेड गॅरडनं दिलं.

नाव मिळालं तरी कामाच्या ठिकाणी त्याला जागा मिळाली नाही. ब्रिटिश हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा १८८१ चा. तो शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि वर्षात चार महिन्यांहून जास्त चालणाऱ्या कारखान्यांपुरता होता. कापसाचे जिनिंग-प्रेसिंग हंगामी. दिवाळीनंतर भोंगा वाजायचा, उन्हाळा तापला की बंद. अशा हंगामी कारखान्यांना कायद्याच्या कक्षेत यायला १९११ उजाडलं. मग १९२३ मध्ये कामगार नुकसानभरपाई कायदा आला. त्यात अपघात होता आणि काही ठरावीक व्यवसायजन्य रोगांची यादी होती. रेच्यात बोट सापडलं तर ती घटना आहे, तिला तारीख आहे, साक्षीदार आहे. तेच बोट वीस हंगाम एकच हालचाल करून वाकडं झालं, तर त्याला तारीख कुठली लावणार?

आणि वेचणारणीचं बोट तर कारखान्याच्या फाटकापर्यंतही पोचत नाही. आईनं लग्नाआधी आणि नंतरही बरीच वर्षं कापूस वेचलाय. कमरेला ओटी बांधायची, दोन्ही हातांनी दोन तासांवर काम करायचं, अंगठा आणि दोन-तीन बोटांनी बोंडातून कापूस उपसायचा. बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोकं नखांच्या कडेला टोचतात. मजुरी किलोवर. थंडीत दव पडलेलं असतं, हात गार असतात. आई म्हणते, “सकायी मूठच वयत नसे. पण काटा का आपल्यासाठी थांबते?”

किलोवरच्या मजुरीत आजाराची रजा नसते हे आपण सगळे जाणतो. पण त्यातली बारीक गोष्ट अशी की तिथे कुणाला कुणी कामावरून काढावंही लागत नाही. हात हळू चालला की मजुरी आपोआप कमी होते. मुकादमाला काही बोलावं लागत नाही, बाईलाही काही सांगता येत नाही. फॉर्म नाही, चौकोन नाहीत.

कापसावर काम करणाऱ्या हातांची मोजदाद शेवटी झाली ती मँचेस्टरच्या परिसरात. आमचा माल जिकडे जायचा तिकडेच. दुसऱ्या महायुद्धानंतर मँचेस्टर विद्यापीठात जोनास केलग्रेन यांनी संधिवाताच्या अभ्यासाचं केंद्र उभं केलं. त्यांचे सहकारी जॉन लॉरेन्स यांनी आधी खाणकामगार आणि मग सूतगिरण्यांतले कामगार तपासले. गिरणीकामगारांवरचा त्यांचा निबंध १९६१ मध्ये औद्योगिक वैद्यकाच्या ब्रिटिश नियतकालिकात आला. त्या कामगारांच्या बोटांच्या सांध्यांत झीज जास्त आढळली. इथे एक फरक सांगायला हवा. झीज, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस, आणि माझा रुमॅटॉइड, हे दोन वेगळे आजार आहेत. एकात सांध्याची कूर्चा झिजते, दुसऱ्यात शरीर स्वतःच सांध्याला जाळतं. बोलताना आपण दोन्हीला ‘वात’ म्हणून मोकळे होतो.

१९७८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्टिन हॅडलर आणि सहकाऱ्यांनी व्हर्जिनियातल्या एका कापड गिरणीत याहून नेमकं काम केलं. वीस वर्षं आणि त्याहून जास्त एकच काम करत आलेल्या बायका त्यांनी निवडल्या. एका गटाचं काम कापडातल्या गाठी बारीक चिमटीनं काढण्याचं, दुसऱ्याचं धागा गुंडाळण्याचं, तिसऱ्याचं सूतकताईचं. तिन्ही गटांच्या हातांचे एक्स-रे काढले, तेव्हा झिजेचा नकाशा कामाप्रमाणे बदललेला दिसला. चिमटीचं काम करणाऱ्यांची चिमटीची बोटं गेली होती. हात बघून काम ओळखावं असा तो प्रकार.

केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये आणखी एक गोष्ट केली होती. एक्स-रेमध्ये सांधा किती झिजलाय हे शून्य ते चार अशा पाच पायऱ्यांत मांडलं. ती मोजपट्टी आज जगभर चालते. माझ्या आईच्या गुडघ्याच्या एक्स-रेच्या कागदावर ‘ग्रेड ३’ लिहिलंय. तो तीनचा आकडा मँचेस्टरहून आलेला आहे. तिनं वेचलेला कापूस मँचेस्टरला गेला नसणार, तोवर तिकडच्या बहुतेक गिरण्या बंद पडल्या होत्या. तरी ज्या बाजाराच्या शिस्तीत तो विकला गेला ती मँचेस्टरसाठी बसवलेली, आणि तिचा गुडघा ज्या पट्टीवर मोजला गेला ती तिथल्या केंद्रातली. मधल्या ७० वर्षांत आमच्या बाजूनं गाठी मोजल्या गेल्या. कापसाच्या. बोटांवर येणाऱ्या गाठींनाही मराठीत तोच शब्द आहे, हा निव्वळ योगायोग, पण मला तो विसरता येत नाही.

औषधाची हकिगत थोडक्यात सांगते, कारण मी आज टायपिंग करू शकते ती तिच्यामुळे. दर रविवारी रात्री मी मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या घेते. आठवड्यातून एकदाच, रोज नाही. त्यांचा त्रास कमी व्हावा म्हणून फोलिक ॲसिडची गोळी वेगळ्या दिवशी. या दोन्ही गोळ्यांची मुळं एकाच प्रयोगशाळेत आहेत. न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ली प्रयोगशाळेत, आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव संशोधनाचे प्रमुख होते. त्यांच्या चमूनं १९४५ मध्ये फोलिक ॲसिड कृत्रिमरीत्या बनवलं, आणि मग त्याला शरीरात अडवणारी रसायनंही तयार केली, मुख्यतः कर्करोगासाठी. सुब्बाराव ऑगस्ट १९४८ मध्ये वारले. पुढच्याच महिन्यात, २१ सप्टेंबरला, मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवातानं अंथरुणाला खिळलेल्या एका बाईला कॉर्टिझोनचं इंजेक्शन दिलं आणि ती काही दिवसांत चालू लागली. १९५० मध्ये हेंच यांना त्यासाठी नोबेल मिळालं. १९५१ मध्ये सुब्बारावांच्या चमूच्या रसायनांपैकी एक संधिवातावरही चालतं असं न्यूयॉर्कमध्ये दिसलं होतं, पण सगळ्यांचे डोळे कॉर्टिझोनकडे लागलेले. त्याचे दुष्परिणाम कळायला वेळ लागला. मेथोट्रेक्सेटला अमेरिकेत संधिवातासाठी रीतसर मान्यता मिळाली ती १९८८ मध्ये. म्हणजे स्वस्त, साधी, कामावर परत पाठवणारी गोळी चाळीसेक वर्षं कपाटात होती. आईच्या पिढीतल्या कितीतरी बायकांचे हात त्या चाळीस वर्षांत वाकडे झाले असतील.

औषध अर्धं काम करतं. उरलेलं अर्धं कामाच्या जागेनं करायचं असतं, आणि त्याचं मला सापडलेलं सगळ्यात सुंदर उदाहरण एका दांड्याचं आहे.

डोरोथी हॉजकिन ऑक्सफर्डमध्ये क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना शोधायच्या. १९३८ मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी, पहिल्या बाळंतपणानंतर त्यांना रुमॅटॉइडचा जबर झटका आला. उपचार घेऊन त्या प्रयोगशाळेत परतल्या तेव्हा क्ष-किरण यंत्राचा मुख्य स्विच त्यांच्या बोटांनी दाबला जाईना. त्यांनी त्या स्विचला लांब दांडा बसवून घेतला. बोटांची ताकद लागत होती तिथे हाताची लागू लागली. पुढे त्यांनी पेनिसिलिनची रचना उलगडली, मग बी-१२ ची, १९६४ चं रसायनशास्त्राचं नोबेल घेतलं, आणि १९६९ मध्ये इन्सुलिनची रचना पुरी केली. त्यांच्या वाकड्या बोटांची चित्रं शिल्पकार हेन्री मूर यांनी काढली आहेत. लोक या गोष्टीतून जिद्द उचलतात. मला दांडा महत्त्वाचा वाटतो. जिद्द तर आईकडेही होती.

दुसरं नाव ख्रिस्तियान बर्नार्ड. अमेरिकेत शिकत असताना १९५६ मध्ये त्यांना रुमॅटॉइड असल्याचं कळलं. सर्जनला हे कळणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. तरी केपटाउनला परत येऊन त्यांनी हृदयशस्त्रक्रियेचा नवा विभाग सुरू केला, आणि ३ डिसेंबर १९६७ ला माणसाच्या हृदयाचं जगातलं पहिलं प्रत्यारोपण केलं. हातांनी साथ सोडली तेव्हा, १९८३ मध्ये, ते थांबले. हे पुरुष होते, गोरे होते आणि वर्णभेदाच्या देशात होते, हेही लक्षात ठेवलेलं बरं. त्यांना दुसरी संधी मिळणं सोपं होतं.

त्या दांड्याला कायद्याच्या भाषेत नाव मिळायला फार वेळ लागला. आपल्याकडे १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते २१ झाले. संधिवात त्या यादीत नावानं नाही, पण त्यानं चालणं-धरणं बाधित झालं तर ते अस्थिव्यंगात येऊ शकतं. आरक्षणासारख्या लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. माझ्यासारखीची अडचण तिथेच. माझे टक्के सकाळी सातला एक असतात आणि दुपारी दोनला दुसरे.

पण याच कायद्यात दिव्यांग व्यक्तीची व्याख्या टक्क्यांनी केलेली नाही. दीर्घकाळाची कमतरता आणि भोवतालचे अडथळे, या दोन्हींमुळे जिला इतरांच्या बरोबरीनं भाग घेता येत नाही ती व्यक्ती, असा तिचा सूर आहे. अडथळा व्याख्येच्या आत आहे. आणि तो दूर करायला, समोरच्यावर अवाजवी भार न टाकता जे बदल करायचे त्याला वाजवी सोय म्हटलंय. हे शब्द शोभेचे नाहीत हे ११ फेब्रुवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात सांगितलं. परीक्षार्थीला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता, चाळीस टक्क्यांचा दाखला नाही म्हणून त्याला लेखनिक नाकारला होता. न्यायालय म्हणालं, चाळीस टक्क्यांची अट ठरावीक लाभांसाठी आहे, वाजवी सोय मागायला ती लावता येणार नाही.

सरकारी आस्थापनांवर कलम २० नुसार अशी सोय करण्याची थेट जबाबदारी आहे, आणि नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर कामावरून काढता किंवा खालच्या पदावर ढकलता येत नाही. खासगी मालकाला कलम २१ नुसार समान संधीचं धोरण जाहीर करावं लागतं. दोन्हींत बराच फरक आहे. कारंज्यासारख्या गावात किती ठिकाणी असं धोरण भिंतीवर लागलेलं दिसतं ते तुम्हीच फिरून बघा.

मी ‘होय’च्या चौकोनात खूण केली आणि खाली दोन ओळी लिहिल्या: काम करू शकते, दोन गोष्टी लागतील. हजेरी दहाऐवजी साडेदहाला, आणि हलका कीबोर्ड. वरिष्ठांनी बोलावून घेतलं. “मॅडम, तुम्ही तर एवढ्या लहान. वात म्हाताऱ्यांना होतो ना?” मी त्यांना सकाळी दहा वाजताची माझी मूठ दाखवली. अर्धीच मिटत होती. ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, साडेदहाला या, पण संध्याकाळी अर्धा तास जास्त बसा. कीबोर्ड मी स्वतःच आणला, साडेसहाशे रुपयांचा. पंचिंग मशीन मी तळव्यानं, कधी कोपरानं दाबते. शेजारच्या टेबलावरच्या ताई आता बॉक्स फाइल न विचारता खाली काढून ठेवतात. तरी कधी कधी कानावर येतं, यांना उशिरा यायची मुभा आहे. मुभा! अर्धा तास मी भरून देते.

हे लिहिताना मनात सारखं येतं की माझ्याकडे निदान वरिष्ठ आहेत. ज्याच्यासमोर मूठ दाखवता येते असा माणूस. किलोवर वेचणाऱ्या बाईचा वरिष्ठ म्हणजे काटा.

आपल्याकडे खेड्यातल्या सांध्यांची घरोघर मोजणी झाली ती १९९६ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला. डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारानं तयार झालेल्या पद्धतीनं, चार हजारांवर प्रौढ तपासले. पाच-सहा जणांमागे एकाला हाडा-सांध्यांचं दुखणं निघालं. रुमॅटॉइड दर दोनशे जणांमागे एकाला. दोनशेत एक हा आकडा लहान वाटतो. बाजाराच्या दिवशी आमच्या चौकात उभं राहून दोनशे माणसं मोजायला किती मिनिटं लागतात ते मी एकदा मोजलं. चार.

कापसाच्या खरेदीत आता ओलाव्याचं यंत्र आहे. टोकदार दांडा ढिगात खुपसतात, आकडा उमटतो. आठ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापला जातो, बाराच्या वर माल परत. सकाळी दवात वेचला तर ओलावा जास्त लागतो, म्हणून ऊन चढल्यावर वेचा असं कास्तकारांना सांगितलं जातं. आईला हे सांगितलं तर ती हसली. “मंग बरंच झालं. कापसाले चालते उशिरा, बाईले नाई चालत होतं.”

दिव्यांगत्वाच्या ओळखपत्रासाठी मी ऑनलाइन अर्ज भरलाय. तपासणी वाशीमला जिल्हा रुग्णालयात आहे, पुढच्या बुधवारी. टक्के चाळीसच्या आत येतील असं माझे डॉक्टर म्हणतात, तरी कागद असलेला बरा. आईचाही अर्ज सोबतच केला. तिचा एक्स-रे घेतलाय, ग्रेड ३ वाला. गुडघ्याचाच आहे. तिच्या हातांचा एक्स-रे आजवर कुणी काढायला सांगितला नव्हता, तो बुधवारी काढा म्हणणार आहे.